मागे थांबलेला बंब

मोठी आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक आकडा हमखास असतो. आग विझविण्यासाठी किती बंब धावून आले, हा तो आकडा. १७ ऑगस्ट २०१९ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, आग लागली तेव्हा तीसहून अधिक गाड्या गेल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरच्या पहाटे अनाज मंडीतील आगीत ४३ माणसे दगावली. तेथेही सुमारे ३० गाड्या पाठविण्यात आल्या होत्या. आकडा मोठा असला की प्रशासन जागे होते असे आपण समजतो, लहान असला की संतापतो. विधानसभेतला प्रश्न असो वा दूरचित्रवाणीवरील चर्चा, सारी याच आकड्याभोवती फिरते.

प्रशासनात बरीच वर्षे काढल्यावर मला मात्र दुसऱ्याच एका आकड्याची उत्सुकता वाटू लागली. त्या घटकेला उरलेल्या शहरात किती बंब शिल्लक होते आणि ते कोठे उभे होते? हा आकडा बातमीत येत नाही. कोणी तो विचारत नाही, म्हणून सहसा कोणी तो सांगतही नाही. पण अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या अधिकाऱ्याची खरी परीक्षा त्याच आकड्यावर होत असते. या लेखात त्याविषयी लिहावयाचे आहे.

हा प्रश्न कल्पनेतला नाही हे सांगण्यासाठी एका रात्रीचे उदाहरण पुरेसे आहे. २५ मे २०२४ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास पूर्व दिल्लीतील विवेक विहार येथे नवजात बालकांच्या एका रुग्णालयाला आग लागली. प्राणवायूचे सिलिंडर फुटत होते. खिडक्यांतून बाळांना बाहेर काढावे लागले आणि काही बाळे वाचू शकली नाहीत. साऱ्या देशाचे लक्ष त्या इमारतीकडे लागले होते. त्यानंतर काही तासांतच, पहाट होण्यापूर्वी, त्याच पूर्व दिल्लीत काही किलोमीटरवर असलेल्या कृष्णा नगर भागात एका रहिवासी इमारतीला आग लागली आणि तेथेही माणसे मरण पावली. दोन्ही आगींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पहिली आग लागली म्हणून दुसरी थांबत नाही, एवढेच त्या रात्रीने दाखवून दिले. कृष्णा नगरातल्या कुटुंबांच्या दृष्टीने त्या रात्री महत्त्वाची गोष्ट एकच होती: आपल्या जवळच्या केंद्रात गाडी उभी आहे की नाही.

वाचकांपैकी अनेकांना गाड्या कशा निघतात याची कल्पना नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आगीच्या सूचनेला महाराष्ट्रातील दलांत ‘वर्दी’ म्हणतात. दिल्लीत ‘कॉल’ हाच शब्द चालतो. १०१ किंवा ११२ क्रमांकावर वर्दी आली की नियंत्रण कक्ष पत्ता, इमारतीचा प्रकार आणि आत माणसे अडकली आहेत का, एवढेच विचारतो. त्यावरून पहिली कुमक ठरते. साध्या घराला एक-दोन गाड्या, रुग्णालय, उंच इमारत किंवा कारखाना असेल तर जास्त, शिवाय शिडीची गाडी, पाण्याचा मोठा टँकर, रुग्णवाहिका. ही कुमक आधीच कागदावर ठरलेली असते, कारण वर्दी घेताना विचार करीत बसायला वेळ नसतो. पहिला अधिकारी घटनास्थळी पोहोचला की तो बिनतारी यंत्रावरून परिस्थिती कळवितो आणि लागेल तशी वाढीव कुमक मागतो. मुंबईत त्यासाठी आगीची पातळी क्रमांकाने जाहीर करतात, दिल्लीत ‘मध्यम’, ‘गंभीर’ अशा श्रेणी वापरतात, आणि लंडनमध्ये अधिकारी थेट पंपांची संख्या सांगतो. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसे गेली, त्या रात्री ही मागणी वाढत वाढत ४० पंपांवर गेली होती.

येथपर्यंतचा भाग सर्वांना दिसतो. न दिसणारा भाग यानंतर सुरू होतो. मोठ्या आगीला जवळच्या केंद्रांतील गाड्या प्रथम जातात, मग त्यांच्या पलीकडच्या केंद्रांतील. परिणामी आगीच्या सभोवतालचा मोठा प्रदेश रिकामा होतो. गाड्या शहराच्या कडेला शिल्लक असतात, मध्ये मात्र भले मोठे भगदाड पडते. हे भगदाड बुजविण्यासाठी दूरच्या, शांत भागातील एखादी गाडी आणून मधल्या रिकाम्या केंद्रात उभी करतात. ती आगीकडे जात नाही. दुसऱ्याच्या केंद्रात जाऊन थांबते. इंग्लंडमध्ये यास ‘स्टँडबाय’ म्हणतात, अमेरिकेत ‘रिलोकेशन’. मराठीत आपण त्याला राखण म्हणू या. शेताच्या एका कोपऱ्यात रानडुकरे शिरली म्हणून सारे गाव तिकडे धावले, तरी बाकीच्या शेताला राखणदार लागतोच.

राखणीचे महत्त्व साध्या गणिताने समजते. समजा, शहराच्या एका भागाचे क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात १६ केंद्रे सारख्या अंतरावर पसरली आहेत. अशा वेळी कोणत्याही घरापासून जवळच्या केंद्राचे सरळ रेषेतील सरासरी अंतर साधारण सव्वा किलोमीटर भरेल. मोठ्या आगीसाठी त्यांपैकी १२ केंद्रे रिकामी झाली. उरलेल्या चार गाड्या साऱ्या भागात नीट पसरलेल्या असतील, तर सरासरी अंतर चौपट न होता दुप्पट, म्हणजे साधारण अडीच किलोमीटर होते. गाड्यांची संख्या आणि अंतर यांचे नाते वर्गमुळाचे आहे. पण त्याच चार गाड्या एका कोपऱ्यात राहिल्या, तर दुसऱ्या कोपऱ्यातील घराला दहा किलोमीटरहून अधिक दूरच्या गाडीची वाट पाहावी लागेल. दोन्ही वेळी शिल्लक गाड्या चारच आहेत. फरक केवळ त्या कोठे उभ्या केल्या याचा आहे, आणि त्यासाठी एक पैसाही अधिक लागत नाही.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास न्यूयॉर्कमध्ये झाला. १९६० च्या दशकात तेथे आगीच्या वर्द्या झपाट्याने वाढल्या. कोणत्या आगीला कोणती कंपनी जाईल आणि कोणती तिच्या जागी येईल, याच्या तयार याद्या तेथे होत्या. पण त्या एका वेळी एकच मोठी आग लागेल असे धरून केलेल्या होत्या. एकाच संध्याकाळी तीन ठिकाणी आग लागली की ज्या कंपनीला राखणीस बोलवायचे तीच आधी कोठेतरी गुंतलेली असे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्क सिटी रँड संस्थेतील पीटर कोलेसर आणि वॉरन वॉकर यांनी १९७४ मध्ये यावर एक गणिती रीत प्रसिद्ध केली. प्रत्येक वस्तीसाठी जवळच्या काही गाड्या ठरवायच्या. त्या साऱ्या एकाच वेळी गुंतल्या तर ती वस्ती उघडी पडली असे मानायचे. आणि आग बराच वेळ चालणार असेल तर कमीत कमी हलवाहलव करून ती वस्ती झाकायची. ज्या गाडीला हलविल्याने दुसरी वस्ती उघडी पडेल तिला हात लावायचा नाही. आज हे वाचताना अगदी साधे वाटते. पण धूर, आरडाओरडा आणि फोनांच्या घणघणाटात ते सुचावे यासाठी आधी लिहून ठेवावे लागते.

त्याच काळात, त्याच शहरात, अशाच गणिताच्या आधारे काही अग्निशमन कंपन्या बंदही करण्यात आल्या, आणि त्याचा फटका साउथ ब्राँक्ससारख्या गरीब वस्त्यांना बसला अशी टीका पुढे अनेक अभ्यासकांनी केली. सरासरी अंतर दोन मिनिटांनी वाढले एवढे कागदावर दिसते; ती दोन मिनिटे कोणाच्या वाट्याला आली हे कागद सांगत नाही. आकडेमोड करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ही गोष्ट मनाशी बाळगावी.

मुंबईकरांना या विषयाची आठवण करून देण्याचीही गरज नसावी. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागली. जहाजात कापूस होता आणि सुमारे १,४०० टन दारूगोळाही होता. अग्निशमन दलाचे जवान जहाजावर आणि धक्क्यावर पाणी मारीत असतानाच चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. आगीशी झुंजायला जे सर्वांत जवळ होते तेच नाहीसे झाले, आणि आग मात्र गोदीतून आसपासच्या वस्तीत पसरली. त्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. भाषणांतून त्यांच्या शौर्याचा गौरव होतो आणि तो व्हायलाच हवा. सारे बळ एका जागी एकवटले की त्या बळालाच धोका निर्माण होतो आणि बाकीचे शहर उघडे पडते, ही त्या दिवसाची दुसरी शिकवण मात्र सहसा उच्चारली जात नाही.

अधिकाऱ्यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीतील आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी आपण गमावले. सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. प्रमुख अधिकारी स्वतः पुढे होते, ही त्या दलाची परंपरा आहे आणि तिच्याविषयी आदरच वाटतो. त्या आदराला धक्का न लावता एवढे म्हणता येते की, ज्या वेळी वरिष्ठ घटनास्थळी असतात त्या वेळी नियंत्रण कक्षात तितक्याच अधिकाराचा माणूस बसलेला असावा, आणि त्याचे काम केवळ उरलेल्या शहराकडे पाहणे हेच असावे. त्याला आगीची चित्रफीत दाखवू नये, असे मी अर्धे गमतीने आणि अर्धे गांभीर्याने म्हणत असतो.

मला हा प्रश्न पहिल्यांदा भेटला तो दिल्लीत नव्हे. विदर्भातील कापूसपट्ट्यात मी प्रांत म्हणून काम करीत असताना एका तालुक्याच्या गावी जिनिंग कारखान्याला आग लागली. आवारात रुईच्या गाठी रचलेल्या होत्या. रुईची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत दोन-दोन दिवस धुमसत राहते. आसपासच्या नगर परिषदांकडून बंब मागविले. शेजारच्या शहराकडे दोन बंब होते. तेथील मुख्याधिकाऱ्यांनी एक तत्काळ पाठविला आणि दुसरा पाठविण्यास नम्रपणे नकार दिला. आमच्या शहरात साठ हजार लोक आहेत, बाजाराचा दिवस आहे, एक बंब येथे राहू द्या, असे त्यांनी फोनवर सांगितले. कारखान्याच्या आवारात जमलेली पुढारी मंडळी भडकली. दोन दिवसांनी तक्रारीचा अर्ज आला: शेजारी आग लागली असताना बंब शेडमध्ये उभा ठेवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी.

खुलासा मागविण्यात आला आणि प्रकरण अभिप्रायासाठी माझ्याकडे आले. अडचण अशी की, त्या दिवशी त्या शहरात काहीही घडले नव्हते. बाजार भरला, उठला, लोक घरी गेले. दुसरा बंब दिवसभर शेडमधून हलला नाही. त्यामुळे त्या मुख्याधिकाऱ्यांच्या बाजूने दाखविता येईल असा एकही पुरावा नव्हता. एखादी झोपडी पेटून तो बंब तेथे धावला असता, तर तेच मुख्याधिकारी दूरदर्शी ठरले असते. मी अभिप्रायात लिहिले की, दुसरी आग लागली नाही हे शहरवासीयांचे भाग्य. ती लागली असती तर तिला उत्तर देण्याची तयारी ठेवणे हे मुख्याधिकाऱ्यांचे कर्तव्य होते आणि ते त्यांनी पार पाडले. प्रकरण दप्तरी दाखल झाले. पण त्या गृहस्थांना कोणी शाबासकीही दिली नाही. नंतर एका बैठकीत भेटले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, बंब पाठवला असता तर माझं नाव पेपरात आलं असतं. ठेवला, तर तक्रारीत आलं.”

त्यांचे हे वाक्य प्रशासनाच्या एका मोठ्या उणिवेवर बोट ठेवते. आपल्याकडे हालचालीला श्रेय आहे, थांबण्याला नाही. मंत्री घटनास्थळी जातात, जिल्हाधिकारी जातात, मग प्रत्येक खात्याचा माणूस तेथे जातो. दंगलीच्या वेळी सारा बंदोबस्त एका चौकात उभा राहतो. पुराच्या वेळी साऱ्या होड्या ज्या गावाचे चित्र दूरचित्रवाणीवर दिसते तेथे पोहोचतात. राखीव ठेवलेले बळ हे निष्क्रिय बळ नसून ते दुसऱ्या कोणासाठी तरी तैनात आहे, ही जाणीव आपल्या अहवालांच्या नमुन्यांतच नाही.

आता दिल्लीकडे वळू. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या जुन्या निकषानुसार नागरी भागात दर १० चौरस किलोमीटरला आणि ग्रामीण भागात दर ५० चौरस किलोमीटरला एक अग्निशमन केंद्र असावे. दिल्लीचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग नागरी होता. हिशेब केला तर शंभराहून अधिक केंद्रे हवीत. प्रत्यक्षात ती त्याहून बरीच कमी आहेत. म्हणजे कोठेही आग नसताना, साध्या दिवशीच, राखण विरळ आहे. अशा शहरात एका ठिकाणी ३० गाड्या गेल्या म्हणजे काय होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

त्यातही सर्वच गाड्या आगीपर्यंत पोहोचतात असे नाही. अनाज मंडीत गल्ली इतकी अरुंद होती की गाड्या बाहेरच थांबवाव्या लागल्या आणि जवान पायी आत गेले. धुराने भरलेल्या इमारतीतून त्यांनी माणसे खांद्यावर उचलून आणली. एका जवानाने एकट्याने अकरा जणांना बाहेर काढल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. तेथे गरज होती ती माणसांची, श्वसनयंत्रांची आणि स्ट्रेचरची. तिसाव्या गाडीतील माणसे उपयोगी पडतात, ती गाडी मात्र रस्ता अडवून उभी राहते. म्हणून कुमक मागताना ‘आणखी दहा गाड्या’ असे न म्हणता ‘आणखी इतके जवान, इतके सिलिंडर’ असे मागण्याची पद्धत जुन्या दिल्लीसारख्या भागात अधिक उपयोगाची आहे. जवान एका बसमधूनही आणता येतात, आणि त्यांचे बंब आपापल्या केंद्रात मोजक्या चालकवर्गासह मागे राहू शकतात.

दुसरी अडचण लांबणाऱ्या आगींची. २०२२ च्या एप्रिल अखेरीस भलस्वा येथील कचऱ्याच्या डोंगराला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. गाझीपूरच्या डोंगरालाही २०२२ आणि २०२४ मध्ये आगी लागल्या. अशा आगीत कोणी क्षणार्धात मरत नाही, म्हणून तिच्यावर चर्चा धुराचीच होते. पण ती गाड्या आणि माणसे दिवसेंदिवस अडकवून ठेवते, आणि तेही उन्हाळ्यात, जेव्हा दिल्लीत आगीच्या वर्द्या सर्वाधिक असतात. त्याच २०२२ च्या उन्हाळ्यात, १३ मे रोजी, मुंडक्याच्या इमारतीत २७ माणसे जळून आणि गुदमरून मेली. दमलेल्या माणसांचा हिशेबही येथे मांडावा लागतो. १८७१ मध्ये शिकागो शहर ज्या आगीत जळाले तिच्या आदल्याच रात्री तेथील जवान दुसऱ्या एका मोठ्या आगीशी झुंजून थकलेले होते. केंद्रात परतलेली गाडी यादीत ‘उपलब्ध’ दिसते, पण तिचे होज ओले असतात, सिलिंडर रिकामे असतात आणि माणसांच्या पोटात अन्न नसते.

दिल्लीच्या दलाकडून शिकण्यासारखी एक गोष्टही आहे. दिवाळीच्या रात्री ते आगीची वाट पाहत बसत नाही. रजा रद्द होतात आणि कायम केंद्रांखेरीज सदर बाजार, लाजपत नगर यांसारख्या गर्दीच्या ठिकाणी आधीच गाड्या उभ्या केल्या जातात. २०२४ च्या दिवाळीत दलाकडे ३१८ वर्द्या आल्या, साध्या दिवसाच्या मानाने कितीतरी अधिक. ही पूर्वतयारी म्हणजे राखणीचेच दुसरे रूप आहे. ज्या दलाला हे एका रात्रीसाठी जमते त्याला ते मोठ्या आगीच्या वेळीही जमू शकते. दिवाळीची तारीख मात्र पंचांगात असते, दुसऱ्या आगीची नसते, एवढाच फरक.

आणि आता आपल्यापैकी अनेकांच्या दाराशी येणारा प्रश्न. या भागातील मराठी कुटुंबे केवळ दिल्लीत नाहीत. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद येथे ती पसरली आहेत. रोज आपण कालिंदी कुंजपाशी, कापसहेड्याला, बदरपूरला किंवा दिलशाद गार्डनच्या पुढे राज्याची सीमा ओलांडतो आणि ती आपल्या लक्षातही येत नाही. बंबाला मात्र ती ओलांडताना विचारावे लागते. दिल्लीची सेवा १९९४ मध्ये महापालिकेकडून दिल्ली सरकारकडे आली आणि २००७ च्या स्वतंत्र कायद्याने चालते. उत्तर प्रदेशात ती गृहखात्याखाली, पोलिसांच्या शेजारी वाढली. हरियाणात ती दीर्घकाळ नागरी स्थानिक संस्थांच्या खात्याशी जोडलेली राहिली. तीन राज्ये, तीन पद्धती, तीन नियंत्रण कक्ष. मोठ्या आगीत शेजारचे राज्य मदत पाठवते, यात शंका नाही. अधिकारी एकमेकांना ओळखतात आणि फोनवर काम होते. पण ही मदत आगीकडे येणारी असते. पूर्व दिल्लीची केंद्रे रिकामी झाली म्हणून गाझियाबादचा एखादा बंब दिलशाद गार्डनच्या बाजूला नुसता येऊन उभा राहील, त्याचे डिझेल, त्याची जबाबदारी, त्याला बिनतारी यंत्रावरून हुकूम कोण देणार, हे सारे आधी कागदावर ठरलेले हवे. ओळखीवर मदत मिळते. राखण मिळायची तर करार लागतो.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी १९८५ च्या कायद्याने एक नियोजन मंडळ आहे. रस्ते, रेल्वे, भूवापर यांचा विचार ते राज्यांच्या सीमा ओलांडून करते. अग्निशमन केंद्रांचा एक संयुक्त नकाशा, ज्यात सीमेवरच्या प्रत्येक वस्तीसाठी सर्वांत जवळची केंद्रे राज्य न पाहता लिहिलेली आहेत, तयार करणे हे काम काही अवघड नाही. महाराष्ट्रातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. तेथे अग्निशमन हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार मुख्यतः पालिकांचे काम, त्यामुळे मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली यांच्या सीमा म्हणजे दलांच्याही सीमा, आणि औद्योगिक वसाहतींची केंद्रे आणखी निराळी. तेथील अनुभव येथे आणि येथील तेथे उपयोगी पडेल.

माझ्या सूचना तीनच आहेत. पहिली, प्रत्येक मोठ्या आगीच्या अहवालात एक रकाना वाढवावा: वाढीव कुमक मागविली त्या क्षणी कोणती केंद्रे रिकामी होती आणि ती किती वेळात झाकली गेली. रकाना असला की त्याला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर द्यावे लागते म्हणून माणूस आधी विचार करतो. सरकारी कामाचा हा स्वभाव आहे. दुसरी, राखणीसाठी थांबलेल्या गाडीच्या चमूची नोंद कामगिरी म्हणून व्हावी, ‘रिकामा वेळ’ म्हणून नव्हे. तिसरी, राखीव गाडी कोणत्या भागातून उचलली याचा वर्षाचा हिशेब ठेवावा. बवाना, नरेला यांसारख्या कडेच्या औद्योगिक भागांत केंद्रे दूरदूर आहेत आणि बहुसंख्य कामगार आहेत. जानेवारी २०१८ मध्ये बवान्यातील फटाक्यांच्या कारखान्यात १७ कामगार मेले. शहराचा मध्य झाकण्यासाठी दर वेळी कडाच उघडी पडणार असेल, तर निदान ते आकड्यांत दिसले पाहिजे.

नागरिक म्हणून आपल्या हाती थोडेच असते, पण काही असते. १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली, त्या दिवशी संध्याकाळच्या वाहतुकीतून बंबांना वाट काढावी लागली होती. आपल्या सोसायटीच्या फाटकापाशी लावलेली मोटार ही कोणाच्या तरी दोन मिनिटांची किंमत असते. तसेच आपल्या इमारतीत आग लागली असता ओळखीच्या मोठ्या माणसाला फोन करून ‘आणखी गाड्या पाठवायला सांगा’ म्हणण्याचा मोह आवरावा. घटनास्थळी असलेल्या अधिकाऱ्याला किती हव्यात ते कळते. वरून आलेल्या फोनाने निघालेली गाडी कोठून तरी उचललेली असते, आणि तिकडेही कोणाचे तरी घर असते.

यापुढे मोठ्या आगीची बातमी वाचाल तेव्हा किती गाड्या गेल्या हे जरूर पाहा. जमल्यास आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, संपादकाला एक प्रश्न आणखी विचारा: त्या वेळी आमच्या केंद्रात कोण होते?